स्वित्झर्लंडमध्ये किराणा महाग का, आणि सगळाच महाग का नाही

स्वित्झर्लंडमध्ये नव्याने राहायला आलेल्या माणसाचा पहिला महिना दुकानात आकडेमोड करण्यात जातो. हातात घेतलेल्या प्रत्येक वस्तूच्या किमतीला मनातल्या मनात रुपयांनी गुणले जाते आणि बऱ्याचदा ती वस्तू परत फळीवर ठेवली जाते. हा गुणाकार स्वाभाविक आहे, पण त्याने फारसे काही कळत नाही. कारण त्यात सगळ्याच वस्तू महाग ठरतात आणि कोणती वस्तू खरोखर महाग आहे, कोणती नाही, हा फरक दिसेनासा होतो. तो फरक मात्र फार मोठा आहे. मिग्रोस किंवा को-ऑप या इथल्या दोन मोठ्या किराणा साखळ्यांच्या कोणत्याही शाखेत स्वस्त श्रेणीतल्या स्पॅगेटीचे अर्ध्या किलोचे पाकीट एका फ्रँकच्या आसपास मिळते. तिथून दहा पावलांवर असलेल्या थंड कपाटात स्विस कोंबडीच्या ब्रेस्टचा भाव किलोला ३० फ्रँकच्या आसपास असतो, आणि गाईच्या मांसातला फिले किलोला ८० फ्रँकच्या पुढे सहज जातो. एकाच दुकानात, एकाच छताखाली, एक वस्तू जवळजवळ शेजारच्या देशांइतकी स्वस्त आणि दुसरी त्यांच्या दुपटीहून महाग का असते, हे एकदा नीट समजले की घरखर्चाचे बरेचसे गणित आपोआप सुटते.

युरोपीय संघाचे सांख्यिकी कार्यालय, म्हणजे युरोस्टॅट, दरवर्षी देशोदेशींच्या किमतींची तुलना करते. त्या तुलनेत स्वित्झर्लंडमधील खाद्यपदार्थ संघाच्या सरासरीपेक्षा साधारण ६० टक्क्यांनी महाग ठरतात, आणि केवळ मांसाचा विचार केला तर किंमत सरासरीच्या दुपटीहून अधिक भरते. पुष्कळांना असे वाटते की यामागे कर असावा. तसे नाही. स्वित्झर्लंडमध्ये खाद्यपदार्थांवरचा मूल्यवर्धित कर २०२४ पासून २.६ टक्के आहे, तर शेजारच्या जर्मनीत तो ७ टक्के आहे. म्हणजे खाण्याच्या वस्तूंवर स्विस सरकार जर्मन सरकारपेक्षा कमी कर घेते, तरीही वस्तू महाग आहे. कारण कराच्या आधीच्या पायऱ्यांवर शोधावे लागते.

दुकानात उभे असताना त्यासाठी एक सोपा प्रश्न स्वतःला विचारावा: ही वस्तू पिकवणारा किंवा तयार करणारा स्विस शेतकरी आहे का? उत्तर "नाही" असेल, तर ती वस्तू बहुधा परवडते. तांदूळ, मसूर, हरभरा, कॉफी, चहा, केळी, संत्री, पास्त्याचा कठीण गहू या गोष्टी स्वित्झर्लंडमध्ये पिकत नाहीत किंवा नाममात्र पिकतात. त्यांच्या आयातीने कोणा स्विस शेतकऱ्याचे नुकसान होत नाही, त्यामुळे त्या सीमेवरून तुलनेने मोकळेपणाने आत येतात. उत्तर "हो" असेल, तर त्या वस्तूभोवती आयात शुल्काची आणि कोट्याची भिंत उभी असते. मांस, दूध, लोणी, मलई, अंडी, बटाटे, हंगामी भाज्या, खाद्यतेल हे सगळे भिंतीच्या आतले. चीज हा एक लक्षणीय अपवाद आहे: युरोपीय संघाबरोबरचा चीजचा व्यापार २००७ पासून पूर्ण खुला आहे, म्हणूनच इटलीचे मोझरेला इथे माफक भावात मिळते, पण ते ज्यापासून बनते त्या प्रकारच्या ताज्या दुधाला मात्र संरक्षण आहे.

भिंत कोणी बांधली

ही भिंत कोणा एका मंत्र्याच्या लहरीने उभी राहिलेली नाही. दुसऱ्या महायुद्धात स्वित्झर्लंड चारही बाजूंनी जर्मनी, इटली आणि त्यांच्या ताब्यातल्या प्रदेशांनी वेढला गेला होता. बाहेरून धान्य येण्याची खात्री उरली नव्हती. १९४० मध्ये फ्रीड्रिख ट्राउगॉट वालेन या कृषितज्ज्ञाने देशातली शक्य तेवढी जमीन नांगराखाली आणण्याची योजना मांडली. शहरांतली क्रीडांगणे आणि बागासुद्धा बटाट्याच्या शेतात बदलल्या गेल्या. शिधावाटप युद्ध संपल्यावरही लगेच थांबले नाही, ते १९४८ पर्यंत चालले. आपले अन्न आपल्याच देशात पिकले पाहिजे ही भावना तेव्हापासून इथल्या समाजात खोलवर रुजली आहे, आणि तिला मतपेटीतून वारंवार दुजोरा मिळाला आहे. १९९६ मध्ये शेतीविषयीचे कलम राज्यघटनेत आले. २४ सप्टेंबर २०१७ रोजी अन्नसुरक्षेचे नवे कलम सार्वमताला टाकले गेले, तेव्हा जवळपास ७९ टक्के मतदारांनी त्याच्या बाजूने कौल दिला. एवढे संरक्षण असूनही देशाच्या गरजेपैकी साधारण निम्मेच अन्न देशात पिकते, कारण जमिनीचा मोठा भाग डोंगराळ आहे आणि शेते लहान आहेत. सरासरी शेत २० हेक्टरच्या आसपास भरते.

या भिंतीचे काम टोमॅटोच्या टोपलीत फार स्पष्ट दिसते. हिवाळ्यात टोपलीवरच्या पट्टीवर स्पेन किंवा मोरोक्को असे लिहिलेले असते. त्या काळात स्विस टोमॅटो जवळपास नसतात, म्हणून आयातीवर शुल्क अगदी कमी असते. साधारण मे महिन्यापासून चित्र बदलते. देशातल्या हरितगृहांतला माल बाजारात येऊ लागतो, तशी सरकारची कृषी कचेरी आयातीचा कोटा आखडता घेते. पीक भरात आले की कोट्याबाहेरच्या आयातीवर इतके जबर शुल्क लागते की परदेशी टोमॅटो आणणे कोणत्याही व्यापाऱ्याला परवडत नाही. जर्मन भाषेत या व्यवस्थेला टप्प्यांची पद्धत म्हणतात. ऑक्टोबर सरत आला की कोटा पुन्हा सुटतो आणि पट्टीवर पुन्हा स्पेन दिसू लागतो. म्हणून ऐन उन्हाळ्यात, जेव्हा सगळीकडे भाजी स्वस्त व्हायला हवी, तेव्हा इथे काही भाज्यांचा भाव अपेक्षेप्रमाणे उतरत नाही. कारण त्या वेळी बाजारात स्पर्धा फक्त स्विस शेतकऱ्यांचीच आपापसात असते. मला ही व्यवस्था समजायला पूर्ण एक वर्ष लागले. पट्टीवरच्या देशाच्या नावाकडे मी लक्षच देत नव्हतो.

मांसाची भिंत याहून उंच आहे आणि तिची रचनाही वेगळी आहे. किती मांस बाहेरून येऊ शकेल याचे प्रमाण सरकार ठरवते, आणि कमी शुल्कात मांस आणण्याच्या त्या हक्काचा मोठा भाग आयातदारांना लिलावात बोली लावून घ्यावा लागतो. लिलावात मोजलेली रक्कम अर्थातच शेवटी मांसाच्या किमतीत मिसळते. म्हणजे अर्जेंटिनाचे किंवा आयर्लंडचे गोमांस स्विस मांसापेक्षा काहीसे स्वस्त दिसले, तरी त्याच्या भावात या हक्काची किंमत आधीच धरलेली असते, आणि म्हणून ते आपल्या मूळ देशातल्या भावाच्या जवळपासही उतरत नाही.

मजुरी, नियम आणि वाहतूक

आयात शुल्क हे महागाईचे एकमेव कारण असते, तर शांपू आणि टूथपेस्ट स्वस्त असायला हवी होती, कारण औद्योगिक मालावरचे आयात शुल्क स्वित्झर्लंडने १ जानेवारी २०२४ पासून पूर्णपणे रद्द केले आहे. तरीही शांपूची तीच बाटली जर्मनीत बरीच स्वस्त मिळते. त्यामागे पहिले कारण मजुरीचे आहे. २०२२ मध्ये पूर्णवेळ नोकरी करणाऱ्यांचा मध्यक पगार महिना ६,७८८ फ्रँक होता. याचा अर्थ निम्म्या लोकांना याहून जास्त मिळत होते. जिनिव्हा कँटनने, म्हणजे तिथल्या घटक राज्याने, २०२० मध्ये सार्वमताने किमान वेतन ठरवले आणि ते सुरुवातीलाच तासाला सुमारे २३ फ्रँक होते. दुकानात डबे लावणारी बाई, भाजीचा ट्रक चालवणारा माणूस, पहाटे पाव भाजणारा कामगार या सगळ्यांना अशीच चढी मजुरी मिळते, आणि दुकानाचे भाडेही त्याच पातळीवरचे असते. आपल्या पावाच्या किमतीत गव्हाचा वाटा लहान आणि माणसांच्या वेळेचा वाटा मोठा असतो.

नियमांचाही आपापला भार आहे. कोंबड्यांना दाटीवाटीच्या पिंजऱ्यांत ठेवण्यावर पूर्ण बंदी आणणारा स्वित्झर्लंड हा जगातला पहिला देश. १९९२ पासून ती बंदी लागू आहे. स्विस अंडे महाग असण्यात या बंदीचा वाटा आहे, आणि व्यक्तिशः मला तो खर्च योग्य वाटतो. मालवाहू ट्रकना रात्री १० ते पहाटे ५ आणि रविवारी दिवसभर रस्त्यावर येण्यास मनाई आहे, शिवाय जड वाहनांना अंतर आणि वजनानुसार वेगळा कर भरावा लागतो. पाकिटावर स्विस क्रूसाचे चिन्ह छापायचे असेल, तर २०१७ पासूनच्या कायद्यानुसार त्यातल्या कच्च्या मालाचा वजनाने किमान ८० टक्के भाग देशी असला पाहिजे, आणि दुधासाठी तो पूर्ण १०० टक्के असावा लागतो. ज्याच्यावर तो क्रूस आहे त्याला जास्त पैसे पडतात, याचे कारण पुष्कळ अंशी तिथेच आहे.

आणखी एक कारण आहे, आणि ते कमी समर्थनीय आहे. परदेशी ब्रँडचे मोठे उत्पादक स्वित्झर्लंडला वेगळी बाजारपेठ मानतात आणि इथल्या माणसाची ऐपत बघून तोच माल जास्त भावाने पुरवतात. इथले लोक याला "स्विस अधिभार" म्हणतात. स्विस दुकानदाराने तोच माल जर्मनीतल्या घाऊक व्यापाऱ्याकडून मागवायचा प्रयत्न केला, तर त्याला पूर्वी सरळ नकार मिळत असे. याविरुद्ध ग्राहक संघटनांनी आणि लहान उद्योगांनी बराच काळ लढा दिला, आणि १ जानेवारी २०२२ पासून स्पर्धाविषयक कायद्यात बदल होऊन असा नकार देणे अवघड करण्यात आले. कायद्याने दाद मागण्याचा रस्ता उघडला आहे. दुकानातल्या फळीवर त्याचा परिणाम मात्र सावकाश उतरतो.

यात चलनाचा खेळही लक्षात घ्यावा लागतो. स्विस राष्ट्रीय बँकेने २०११ मध्ये एका युरोला किमान १.२० फ्रँक असा दर राखण्याचे ठरवले होते. १५ जानेवारी २०१५ रोजी तिने तो अचानक सोडून दिला, आणि काही मिनिटांत फ्रँक वधारला. त्या दिवशी सीमेपलीकडचा सगळा बाजार स्विस ग्राहकाला एका झटक्यात स्वस्त झाला, तर देशातल्या दुकानांतल्या किमती काही तितक्या वेगाने खाली आल्या नाहीत. शनिवारी सीमेपलीकडे जाऊन खरेदी करण्याची सवय आधीपासून होती, ती त्यानंतर आणखी पक्की झाली.

दुकाने आणि त्यांच्या स्वस्त श्रेणी

स्वित्झर्लंडमधल्या किराणा बाजारावर मिग्रोस आणि को-ऑप या दोन संस्थांचे वर्चस्व आहे, आणि दोन्ही सहकारी संस्था आहेत, ही गोष्ट सहकाराची परंपरा ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला विशेष वाटेल. मिग्रोसची गोष्ट थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे. १९२५ मध्ये गॉटलीब डुटवायलर यांनी झ्युरिकमध्ये पाच ट्रक घेऊन फिरती विक्री सुरू केली. ट्रकमध्ये फक्त सहा वस्तू होत्या: कॉफी, तांदूळ, साखर, पास्ता, खोबऱ्याचे तूप आणि साबण. मधले दलाल टाळल्यामुळे भाव प्रस्थापित दुकानांपेक्षा खूपच कमी होते. त्यामुळे चिडलेल्या उत्पादकांनी त्यांना ब्रँडचा माल देण्याचे नाकारले, तेव्हा त्यांनी स्वतःचे कारखाने काढले. आजही मिग्रोसच्या फळीवर तिच्या स्वतःच्या नावांचा माल जास्त दिसतो, त्याचे मूळ तिथे आहे. १९४१ मध्ये त्यांनी कंपनीचे रूपांतर सहकारी संस्थेत केले. आज तिचे वीस लाखांहून अधिक सभासद आहेत. मिग्रोसच्या मुख्य दुकानांत दारू आणि तंबाखू विकत नाहीत, आणि २०२२ मध्ये दारूविक्रीचा प्रस्ताव सभासदांपुढे आला तेव्हा त्यांनी तो फेटाळला. दारू विकणारी डेनर ही साखळी मात्र २००७ पासून मिग्रोसच्याच मालकीची आहे.

स्वस्त दुकानांच्या जर्मन साखळ्यांपैकी आल्डी २००५ मध्ये आणि लिडल २००९ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये आली. त्यांनी भाव पाडले हे खरे, पण ती दुकानेही त्याच भिंतीच्या आत व्यापार करतात: तीच मजुरी, तेच आयात शुल्क, तेच स्विस दूध. त्यामुळे जर्मनीतल्या आल्डीचा भाव स्वित्झर्लंडच्या आल्डीत शोधू नये. कारफूर या फ्रेंच साखळीने तर २००७ मध्ये इथला व्यवसाय को-ऑपला विकून काढता पाय घेतला.

नव्या माणसाने सर्वांत आधी ओळखायची गोष्ट म्हणजे प्रत्येक साखळीची स्वस्त श्रेणी. मिग्रोसमध्ये तिचे नाव एम-बजेट, को-ऑपमध्ये प्री गारांती. यांची पाकिटे मुद्दाम साधी ठेवलेली असतात आणि पुष्कळदा फळीच्या सर्वांत खालच्या कप्प्यात असतात, त्यामुळे वाकून बघावे लागते. मीठ, पीठ, दूध, पास्ता, डबाबंद टोमॅटो, गोठवलेले वाटाणे अशा वस्तूंत या श्रेणीत आणि महाग श्रेणीत स्वयंपाकाच्या दृष्टीने मला तरी फारसा फरक जाणवलेला नाही. मांस आणि अंड्यांच्या बाबतीत मात्र फरक खरा असतो, कारण स्वस्त श्रेणीतला माल बहुधा आयात केलेला असतो आणि त्यामागे प्राणी पाळण्याचे वेगळे नियम असतात. कोणता निवडायचा हे ज्याने त्याने ठरवावे, पण पाकिटावर देशाचे नाव छापलेले असते, ते वाचून ठरवावे.

किमतीची पट्टी वाचण्याचीही एक पद्धत आहे. कायद्याने दुकानदाराला एकूण किमतीबरोबर १०० ग्रॅमची, एका किलोची किंवा एका लिटरची किंमतही लिहावी लागते. ती पट्टीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत असते. समजा, दह्याचा ४०० ग्रॅमचा डबा ३.२० फ्रँकला आहे आणि २५० ग्रॅमचा १.९५ ला. मोठा डबा स्वस्त पडेल असे कोणालाही वाटेल. बारीक अक्षरांत मात्र मोठ्या डब्याला १०० ग्रॅममागे ८० रॅपन (एका फ्रँकचे १०० रॅपन) आणि छोट्याला ७८ रॅपन लिहिलेले सापडेल. असे उलटे भाव विशेषतः सवलतीच्या आठवड्यात आढळतात, कारण सवलत एकाच आकाराच्या पाकिटावर असते. रोख पैसे दिले तर बिल ५ रॅपनच्या पटीत पूर्ण केले जाते. त्याहून लहान नाणे आता चलनात नाही.

भाजी आणि फळे बऱ्याच शाखांत स्वतः वजन करून घ्यावी लागतात. टोपलीवरच्या पट्टीवर एक क्रमांक असतो. तो लक्षात ठेवून काट्यावर भाजी ठेवायची, तो क्रमांक दाबायचा, आणि यंत्रातून निघालेली चिकट पट्टी पिशवीला लावायची. पहिल्यांदा हे माहीत नसल्यामुळे गल्ल्यावर आपल्यामागे रांग लावून परत काट्याकडे धावत जाण्याची वेळ जवळजवळ प्रत्येकावर येते. या पद्धतीचा एक मोठा फायदा असा की एकच गाजर, दोनच कांदे किंवा चार मिरच्या घेता येतात. एकट्या माणसाच्या घरात वाया जाणारी भाजी हाच अनेकदा किराण्यातला सर्वांत महाग भाग असतो, आणि सुटी भाजी घेतल्याने तो पुष्कळ कमी होतो.

दुकान बंद होण्याच्या आधीच्या एक-दोन तासांत कर्मचारी हातात पट्ट्यांचे रीळ घेऊन थंड कपाटांसमोरून फिरू लागतात. ज्या पाकिटाची मुदत त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी संपत असेल, त्यावर २५ किंवा ५० टक्के सवलतीची ठळक पट्टी लागते. मांस, मासे, दही, सँडविच, पाव यांवर ती विशेष दिसते. शनिवारी संध्याकाळी हे प्रमाण वाढते, कारण रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात आणि मुख्यतः मोठ्या रेल्वे स्थानकांतली आणि विमानतळावरची दुकाने उघडी राहतात. त्या दिवशी संध्याकाळी घेतलेले मांस घरी येताच फ्रीझरमध्ये ठेवले तर पुढच्या दोन आठवड्यांची सोय होते.

सीमेपलीकडची खरेदी

बाझेलहून ८ क्रमांकाची ट्राम थेट जर्मनीतल्या वाइल आम राइनला जाते. २०१४ च्या डिसेंबरपासून ती सीमा ओलांडते. सीमेवरच्या क्रॉइझलिंगनमधून जर्मनीतल्या कॉन्स्टान्झला तर चालत जाता येते, आणि जिनिव्हाच्या लोकांना फ्रान्स अगदी शेजारी आहे. शनिवारी या ट्राममध्ये चाकांच्या पिशव्या घेतलेली कुटुंबेच्या कुटुंबे दिसतात. नियम नीट माहीत असले तर ही खरेदी फायद्याची ठरते, आणि माहीत नसले तर सीमेवर दंड भरण्याची वेळ येते.

पहिला हिशेब मूल्यवर्धित कराचा. १ जानेवारी २०२५ पासून माणशी दिवसाला १५० फ्रँकपर्यंतच्या मालावर स्विस कर लागत नाही; त्याआधी ही मर्यादा ३०० फ्रँक होती. मर्यादा ओलांडली तर फक्त वरच्या रकमेवर नव्हे, तर संपूर्ण मालावर कर भरावा लागतो. दुसरा हिशेब जर्मन कराच्या परताव्याचा. पावती ५० युरोंहून अधिक असेल, तर दुकानाकडून निर्यातीची चिठ्ठी, म्हणजे सगळे जिला "हिरवी चिठ्ठी" म्हणतात ती, मागून घ्यायची, जर्मन सीमाशुल्क कचेरीत तिच्यावर शिक्का घ्यायचा आणि पुढच्या खेपेला त्याच दुकानातून पैसे परत घ्यायचे. इथे एक बारकावा आहे जो फार लोक लक्षात घेत नाहीत. १०० युरोंच्या पावतीत शांपू आणि साबण असतील, तर त्यात १९ टक्के दराने जवळजवळ १६ युरो कर दडलेला असतो. तीच पावती खाद्यपदार्थांची असेल, तर ७ टक्के दराने फक्त साडेसहा युरो. म्हणून परताव्याचा खरा लाभ स्नानगृहातल्या वस्तूंवर मिळतो.

तिसरा आणि सर्वांत कडक हिशेब शेतमालाचा, आणि वर सांगितलेली भिंत इथे हाताने मोजता येते. मांस माणशी दिवसाला १ किलो, लोणी आणि मलई मिळून १ किलो, खाद्यतेल ५ लिटर, एवढे शुल्काशिवाय आणता येते. मांसाच्या दुसऱ्या किलोपासून दर किलोला १७ फ्रँक शुल्क पडते आणि १० किलोंच्या पुढे तो दर २३ फ्रँक होतो. जर्मनीत १० युरो किलोने घेतलेली कोंबडी या मर्यादेपलीकडे आणली, तर ती स्विस कोंबडीच्या भावाजवळ जाऊन पोहोचते; शुल्काची पातळी त्याच हेतूने ठरवलेली आहे. कुटुंबातली चार माणसे बरोबर असतील तर मर्यादा चौपट होते, पण त्यासाठी चौघांनी सोबत प्रवास करावा लागतो.

माझा स्वतःचा अनुभव असा की सीमेजवळ राहणाऱ्या मांसाहारी कुटुंबाला या फेरीचा फायदा होतो, आणि बर्न किंवा लुझर्नमधल्या शाकाहारी कुटुंबाला जवळजवळ होत नाही. डाळ, तांदूळ आणि पास्ता इथेच परवडतात, आणि रेल्वेचे तिकीट उरलेली बचत खाऊन टाकते. शिवाय ज्या कामगारांची मजुरी आपल्या महागाईचे एक कारण आहे, त्यांचा रोजगार इथल्या दुकानांवर चालतो, हा विचारही माझ्या मनात असतो. पण ज्याचा महिन्याचा हिशेब जुळत नाही त्याच्यापुढे हा विचार मांडण्याचा मला अधिकार नाही.

कोणासाठी महाग

सरासरी स्विस कुटुंब आपल्या एकूण उत्पन्नाच्या सहा-सात टक्के रक्कम घरच्या खाण्यावर खर्च करते. हा जगातल्या सर्वांत कमी वाट्यांपैकी एक आहे. घरभाडे आणि आरोग्यविम्याचा हप्ता यांच्या तुलनेत किराणा ही त्या कुटुंबाची मोठी चिंता नसते, आणि शेतकऱ्यांच्या संरक्षणाला लोक मतपेटीतून पाठिंबा का देतात याचे उत्तरही काही अंशी इथे मिळते. सरासरीच्या बाहेर असलेल्यांचे चित्र वेगळे आहे. शिष्यवृत्तीवर आलेला विद्यार्थी, एकाच पगारावर चार माणसांचे घर चालवणारे नवे कुटुंब, जोडीदाराला अजून नोकरी न मिळालेले दांपत्य यांना स्विस किंमत पूर्ण मोजावी लागते, पण स्विस उत्पन्न पूर्ण मिळत नाही. कमी उत्पन्न असलेल्यांसाठी कॅरितास ही सेवाभावी संस्था अनेक शहरांत सवलतीची दुकाने चालवते. तिथे खरेदीसाठी उत्पन्नाच्या आधारे मिळणारे ओळखपत्र लागते. पात्र असलेल्या माणसाने ते घ्यायला संकोच करू नये.

बाहेर जेवण्याबद्दल एवढेच सांगणे पुरे की तेच सँडविच दुकानातून बांधून नेले तर त्यावर २.६ टक्के कर आहे आणि तिथेच टेबलावर बसून खाल्ले तर ८.१ टक्के; मात्र खरा फरक कराचा नसून वाढणाऱ्या माणसाच्या मजुरीचा आहे, आणि तो अनेक पटींनी मोठा असतो. डबा नेण्याची सवय इथे सर्व थरांत आहे. बहुतेक कार्यालयांत मायक्रोवेव्ह असतो आणि त्याच्यापुढे दुपारी बारा वाजता साहेबही रांगेत उभे असतात. पिण्याचे पाणी नळाचेच घ्यावे. ते उत्तम असते आणि बाटलीवर पैसे घालवण्याचे कारण नसते. कचऱ्याचा खर्चही किराण्यातच धरावा, कारण बहुतेक शहरांत कचरा फक्त कर भरलेल्या ठराविक पिशव्यांतूनच टाकता येतो, आणि भरपूर वेष्टण असलेली वस्तू ती पिशवी लवकर भरते.

भारतातून येताना सामानात काय आणावे हा प्रश्न प्रत्येक घरी निघतो. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस, दूध आणि दुधापासून बनलेले पदार्थ आणण्यास बंदी आहे, आणि त्यात घरचे तूप, पेढे व खवाही येतो. बहुतेक ताजी फळे, भाज्या आणि पाने वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय आणता येत नाहीत, म्हणून हापूसची पेटी किंवा कढीपत्त्याची जुडी विमानतळावरच काढून घेतली जाते. तूप घरी करता येते: सवलतीच्या आठवड्यात घेतलेले लोणी मंद आचेवर कढवले की ते तयार होते, आणि दुकानातल्या छोट्या बरणीपेक्षा ते स्वस्तही पडते. कढीपत्त्यासाठी शहरातले तमिळ दुकान शोधावे. १९८० च्या दशकात श्रीलंकेतल्या यादवीमुळे हजारो तमिळ कुटुंबे स्वित्झर्लंडमध्ये आश्रयाला आली, आणि झ्युरिक, बर्न, बाझेल, लोझान अशा शहरांत त्यांनी उभी केलेली दुकाने आज इथल्या सगळ्या दक्षिण आशियाई स्वयंपाकघरांना माल पुरवतात. तांदळाची मोठी पोती, सगळ्या डाळी, खोवलेले गोठवलेले खोबरे, शेवग्याच्या शेंगा तिथे असतात, आणि आठवड्यातून ज्या दिवशी विमानाने ताजा माल येतो तो दिवस गल्ल्यावरचे काका विचारल्यावर लगेच सांगतात. त्या दिवशी दुपारी गेले तर कढीपत्त्याची पाने अजून हिरवीगार असतात.